हनुवटीवरचे ठिपके

“ही माझी आई नाहीये! ही कुठल्या तरी सिरियलमधली सासू आहे!”

ताई माझ्या दुकानाच्या काउंटरवर बारा बाय अठराची फ्रेम आपटून ओरडत होती. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. राहते मुलुंडला, आणि तिचा आवाज असा की तिने तिथून हाक मारली तर कांदिवलीत माझं शटर थरथरतं. त्या दिवशी तर ती काउंटरला पोट टेकवून उभी होती. पासपोर्ट फोटोसाठी स्टुलावर बसलेल्या माणसाला मी नुकतंच “हनुवटी वर, हलू नका” सांगितलं होतं. तो तसाच हनुवटी वर करून गोठला. शेजारच्या रसवंतीवाल्याने मशीन बंद केलं. समोरचा एक रिक्षावाला तर इतका गडबडला की भाडं नाकारायचं विसरून सरळ बोरिवलीला निघून गेला.

“अगं हळू,” मी म्हणालो. “गिऱ्हाईक बसलंय.”

“बसू दे! त्यांनाच दाखव. दादा, तुम्ही सांगा, पासष्टीच्या बाईचं तोंड असं असतं का?”

त्या माणसाने मान न हलवता फक्त डोळे फिरवले. “छान आहेत की. तब्येत बरी नव्हती का त्यांची?”

“मेलीये ती!”

त्याने हनुवटी खाली घेतली. “मग तर फोटो छानच आलाय म्हणायचा.”

मला हसू यायला हवं होतं. असल्या संवादावर मी एरवी महिनाभर जेवलो असतो, प्रत्येक गिऱ्हाइकाला थोडा वाढवून सांगितला असता. पण त्या आठवड्यात माझं आतलं सगळं बधिर होतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, हाताला लागतो पण आपला वाटत नाही, तसा मी अख्खाच्या अख्खा झालो होतो.

ताईने फ्रेमच्या काचेवर बोट ठेवलं. आईच्या हनुवटीवर.

“गोंदण कुठाय?”

मी पाहिलं. हनुवटी स्वच्छ होती. कपाळही. भुवयांच्या मधला हिरवा ठिपकासुद्धा नव्हता. सकाळी हा फोटो मीच छापून काढला होता मशीनमधून, मीच कापला होता, मीच फ्रेममध्ये बसवून मागे चार खिळे मारले होते. खिळे सरळ गेलेत ना एवढं मात्र नीट पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोसायटीच्या हॉलमध्ये आईचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. भंतेजी येणार, मुलुंड-घाटकोपरची भावकी येणार, जालन्याकडच्या आमच्या गावाहून एक जीप भरून माणसं येणार. ती गावाकडची माणसं आईला नावाने कमी आणि गोंदणावरून जास्त ओळखायची. त्यांच्यासमोर टेबलावर ही सासू ठेवायची, हार घालायचा, आणि सगळ्यांनी तिच्यापुढे हात जोडायचे.

“लगेच दुसरा काढ,” ताई म्हणाली. “गोंदणाचा. मी बसते इथे.”

“काढतो की. दोन मिनिटं,” मी म्हणालो.

इथे मला माझ्या धंद्याबद्दल सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही. बावीस वर्षं मी फोटोची लॅब चालवतोय. कांदिवलीतले निम्मे मेलेले लोक माझ्या हातून गोरे होऊन भिंतीवर गेलेत. लग्नाचे फोटो हल्ली लोक फोनमध्येच ठेवतात, बारशाचे फोनमध्ये, फिरायला गेल्याचे फोनमध्ये. कागदावर छापून मागतात ते दोनच: पासपोर्ट आणि परलोक. दोन्हीकडे माणूस ओळखू यावा लागतो, पण परलोकवाल्यांना तो जरा बराही दिसावा लागतो. एका आजोबांचा फोटो मी असा उजळला होता की तेराव्याला आलेल्या त्यांच्या शाळेतल्या मित्राने विचारलं, “म्हणजे धाकटा पण गेला?” ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की आता मला स्वतःलाच ती खरी वाटते.

पूर्वी हे सगळं डोळ्यांनी व्हायचं. पडद्यावर सहा फोटो ओळीने यायचे, बोटं कळांवर. लाल एक कमी, पिवळा दोन वर, डेन्सिटी म्हणजे गडदपणा एक खाली, पुढचा. चेहरा बघायचो, रंग ठरवायचो. मग सॉफ्टवेअरमध्ये ऑटो आलं. ते चेहरा आपण होऊन शोधतं, त्याच्याभोवती हिरवी चौकट आखतं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं करून मोकळं. कातडी साफ. डाग गायब. डोळ्यांत चमक. गेल्या वर्षी त्याची नवी आवृत्ती टाकली, ती तर माझीही गुरू निघाली. पुसट फोटोत जे दिसत नाही ते ती स्वतःच्या मनाने रचते. तुटलेली भुवई जोडते, नसलेल्या पापण्या लावते. कमी असेल ते भरते, जास्त असेल ते पुसते. मी म्हटलं, वा, म्हणजे थापा मारायला आता मी एकटा नाही दुकानात.

खाली एक चौकोन होता, “सगळ्या फोटोंना लावा.” मी त्यात टिक केली आणि ती टिक पुन्हा कधी काढली नाही. कशाला काढू? एकही गिऱ्हाईक परत येऊन म्हणालं नाही की आमचा माणूस फार चांगला दिसतोय, जरा बिघडवून द्या.

दुसरी गोष्ट माझ्या नियमाची. माझ्या दुकानात एका फोटोची एकच फाईल. दुरुस्त केला की त्याच फाईलवर सेव्ह करायचा, मूळ ठेवायचा नाही. दोन ठेवल्या की गोंधळ होतो. एकदा झाला होता. एका लग्नाच्या अल्बममध्ये नवरीशेजारी नवऱ्याऐवजी कॅमेरामन छापला गेला, उजेड बघायला तो स्वतः उभा राहिला होता तो फोटो. अल्बम बदलून घ्यायला नवरा एकटाच आला. यातलं निम्मं खोटं आहे, कुठलं निम्मं ते मी सांगणार नाही, पण नियम खरा. “एक फोटो, एक फाईल!” हे मी दुकानात इतकं ओरडलोय की भिंतीवर लिहायची गरज उरली नाही.

तर मी कॉम्प्युटरवर आईची फाईल उघडली. पडद्यावर सासू आली. मागच्या फोल्डरात गेलो, सासू. कॅमेऱ्याचं कार्ड खणातून काढून लावलं. रिकामं. चार महिने तो फोटो त्यावर पडून होता, आणि मीच सकाळी कार्ड पुसलं होतं, एका बारशाला जायचं होतं म्हणून.

“झाला?” ताईने विचारलं.

“बघतोय.”

“दोन मिनिटं म्हणालास.”

“ताई, मूळ फोटो नाहीये,” मी म्हणालो. “हाच आहे. मी त्याच्यावरच सेव्ह केलं.”

मला वाटलं आता ती अशी ओरडेल की लिंक रोडवरचं ट्रॅफिक थांबेल. पण ती ओरडली नाही. पासपोर्टवाल्याच्या शेजारच्या बाकावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “तू तिच्याकडे बघितलंच नाहीस ना?”

मी बघितलं होतं. म्हणजे, त्या सकाळी ऑर्डरीत सात चेहरे होते. चार पासपोर्ट, दोन शाळेच्या फॉर्मचे, आणि आई. सातांभोवती सात हिरव्या चौकटी आल्या. मी एंटर दाबलं. सगळे उजळले. आई दहा वर्षांनी तरुण झाली. मला वाटलं, बरी दिसतेय. एवढंच वाटलं. पुढे मी पेपरचा रोल बदलला.

पासपोर्टवाला म्हणाला, “मी नंतर येऊ का?” आणि आमचं उत्तर न ऐकताच गेला.

आता तुम्ही म्हणाल, फोटोच्या दुकानदाराच्या घरी आईचे दुसरे फोटो नव्हते? होते. ताईने फोन काढला, मी काढला, आणि आम्ही दोघं बाकावर बसून शोधायला लागलो. माझ्या लग्नात आई तिसऱ्या रांगेत, तोंडावर पदर. ताईच्या पोराच्या वाढदिवसाला केकच्या मागे, तोंडावर पदर. गणेशगल्लीतल्या खोलीतून सोसायटीत राहायला आलो तेव्हा दारात, एका हातात कुलूप, दुसऱ्या हाताने पदर दातांत धरलेला. नाकाखालचं काही कॅमेऱ्याला दाखवायचं नाही असा जणू तिने वटहुकूम काढला होता. आधारकार्डावर पदर नव्हता, पण त्या फोटोत हनुवटी आहे की डांबराचा गोळा हे खुद्द सरकारला सांगता आलं नसतं.

“सगळीकडे झाकलंय,” ताई म्हणाली. “का झाकायची रे?”

इथे माझ्या तोंडाला राहवेना. बधिर माणसाचंही तोंड चालूच असतं, असं दिसतं. मी ताईला सांगितलं की आईला गोंदणाची लाज वाटायची. चारकोपच्या गाळ्यात ती बाटल्यांची झाकणं पॅक करायची ना, तिथे एक सुपरवायझर बाई तिला म्हणाली होती, गावंढळ दिसतेस, हे काय तोंडावर चितारलंय. तेव्हापासून आई झाकायला लागली. असं काही आईने मला कधी सांगितलं नव्हतं. सुपरवायझर बाई होती की बाप्या होता हेही मला ठाऊक नाही. पण सांगता सांगता ती बाई मला दिसायला लागली, तिच्या कानातली रिंगसुद्धा दिसली. ताई ऐकता ऐकता पदराने डोळे पुसायला लागली, आणि मग थापेतून माघार घेणं बरं दिसेना.

आधारकार्ड सोडलं तर एकाच फोटोत पदर नव्हता. हाच तो, मी पुसलेला. चार महिन्यांपूर्वी आई डबा घेऊन दुकानात आली होती आणि मी नवा लाईट लावून बघत होतो. उजेड चेहऱ्यावर परत फेकायला थर्माकोलची मोठी पांढरी शीट धरावी लागते. मी डबा आईच्या कोपराला अडकवला आणि शीट तिच्या दोन्ही हातांत दिली, “छातीशी धर, सोडू नको.” आणि तिला एक गोष्ट सांगितली, एका नवरदेवाची, ज्याच्या विगला ऑटोने केस समजून अजून घनदाट केलं. आई हसायला लागली. दोन्ही हात गुंतलेले, पदर ओढायला हात नाही. “सोड रे, सोड, सांडेल ना सगळं,” असं म्हणाली आणि प्रत्येक ‘स’ला शीळ वाजली. आईचा ‘स’ असाच होता. ती “साखर संपली” म्हणाली की बाहेरच्याला वाटायचं पोलीस आले. त्या शिळेसकट मी बटण दाबलं. शीळ काही फोटोत येत नाही.

“ठीक आहे,” मी ताईला म्हणालो. “मी हाताने काढतो गोंदण. पाच मिनिटांचं काम आहे.”

“काढ.”

सॉफ्टवेअरमध्ये ब्रश घेतला. हिरवा रंग घेतला. कपाळावरचा ठिपका टाकला, तो सोपा. हनुवटीवर आलो आणि हात थांबला.

“तीन होते ना?” मी विचारलं.

“पाच,” ताई म्हणाली.

“तीन गं. त्रिकोण.”

“पाच! मधे एक, चार बाजूंना. जन्मभर तिच्या समोर बसून जेवलास तू.”

“तू पण जेवलीस. खात्री आहे का तुझी?”

आम्ही दोघं त्या कोऱ्या हनुवटीकडे बघत बसलो. तिथे मला एक गोष्ट सांगता येईना. मी ज्याला त्याला सांगत आलोय की एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही, कांदिवली ते दहिसर एकूण एक माणूस मला नाकाच्या शेंड्यावरून ओळखता येतो. आणि आईच्या हनुवटीवर तीन होते की पाच हे मला माहीत नव्हतं.

“मावशीला बोलव,” ताई म्हणाली. “दोघींचं एकाच दिवशी गोंदलंय.”

मावशी म्हणजे आईची पाठची बहीण, घाटकोपरला डोंगरावर राहते. फोनवर मी एवढंच सांगितलं की आईचं गोंदण हवंय, तुझं बघून घेतो. तिने का, कसं, काही विचारलं नाही. दोन मेट्रो बदलून तासाभरात दुकानाच्या पायरीशी हजर. पांढरं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत भाकरी. चप्पल बाहेर काढून आत आली, जणू दुकानात नाही, घरातच आलीय.

“कुटं बसू?” तिने विचारलं.

स्टुलावर बसवलं. तिच्या हनुवटीवर पाच ठिपके. एक मधे, चार बाजूंना. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा सहावीत गेल्यासारखं वाटलं.

मी मावशीच्या तोंडाचा जवळून फोटो घेतला. कार्ड लावलं. पडद्यावर हिरवी चौकट आली आणि मी काही करायच्या आत मावशीही गुळगुळीत झाली. सुरकुत्या गेल्या, पाचही ठिपके गेले, गालांवर गुलाबी आली.

मावशी पडद्याकडे वाकली. “ही कोन बाई?”

“तूच आहेस, मावशी.”

“असं?” ती जरा वेळ बघत राहिली. “मंग बरी हाय की. लगीन झालंय का हिचं?”

ताई हसली. चार दिवसांत पहिल्यांदा, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. त्याच हाताने, तशाच तऱ्हेने, जसा आई पदर धरायची.

ती टिक काढायला मला अर्धा तास लागला. खरंच अर्धा तास, यात फुगवलेलं काही नाही. जी गोष्ट एका बोटाने लावली ती काढायची कुठून हेच मला आठवेना. एका मेनूच्या पोटात दुसरा मेनू, त्याच्या पोटात तिसरा. शेवटी सापडली. टिक काढली आणि पुन्हा फोटो घेतला. पडद्यावर मावशी जशीच्या तशी आली, काळी, सुरकुतलेली, पाच ठिपक्यांची. एवढ्या दिवसांनी पडद्यावर असं खरं तोंड बघितलं की आधी ते आजारीच वाटलं मला.

ते ठिपके मी उचलले. कापून आईच्या हनुवटीवर ठेवले. रंग जुळेना. जुनं गोंदण हिरवं नसतं, निळंही नसतं, कातडीच्या आत बुडालेल्या शाईसारखं असतं. डेन्सिटी खाली घेतली, कडा विरवल्या. बावीस वर्षांपूर्वी शिकलेलं सगळं बोटांत परत आलं. आत काही वाटत नव्हतं, पण बोटं शहाणी होती.

“झालं,” मी म्हणालो. “बघ, ताई. पाच.”

ताई बघून रडायला लागणार, तेवढ्यात स्टुलावरून मावशी म्हणाली, “चार.”

“काय चार?”

“तिचे चार व्हते. माजे पाच.” मावशी भाकरीचा तुकडा मोडत होती. “जत्रंत गोंदनारीन आली व्हती. आदी म्या बसले. पाच टोचून घेतले, रडले न्हाई. मंग ही बसली. चार झाले आन् ही उटली, आन् पळाली. सगळी जत्रा वलांडून, वढ्याच्या पल्याड. बा मागं, गोंदनारीन मागं, तिची कुत्री मागं. ही बाभळीवर चडून बसली. सांज झाली तरी उतरंना. मंग बा खालून म्हनला, ऱ्हाऊ दे, उतर, चारावर बी लगीन व्हतंय.”

मी घरातला नामांकित थापाड्या. पण बाभळीवर चढून बसलेली माझी आई, हनुवटीतून रक्त येतंय, खाली कुत्रं भुंकतंय, ही गोष्ट मला सुचली नसती. आणि मावशीने ती भाकरी खाता खाता, दुधाचा भाव सांगावा तशी सांगितली.

“कुठला नव्हता?” मी विचारलं.

“खालचा. तिच्या डाव्या अंगाचा.”

मी खालचा, तिच्या डाव्या अंगाचा ठिपका पुसला. हाताने. चार राहिले. ताईने श्वास आत घेतला. “हो रे,” ती म्हणाली. “हो. असंच. इथे रिकामं होतं. मी लहानपणी तिथे बोट ठेवायची.” आणि मग ती रडली, रसवंतीवाल्याने परत मशीन थांबवावं एवढं रडली, आणि काउंटरच्या आत येऊन माझा खांदा धरला.

मशीनमधून प्रिंट बाहेर आली. यावेळी मी कलर, डेन्सिटी, सगळ्याला शून्य देऊन सोडली होती, मशीनने आपल्या अकलेचं काही करायचं नाही.

“तू पण रड ना रे एकदा,” ताई म्हणाली.

“प्रिंटला हात लावू नको,” मी म्हणालो. “ठसा उमटेल.”

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सगळं नीट झालं. पांढऱ्या कापडाच्या टेबलावर आई, हार, मेणबत्त्या. भंतेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं. गावाहून आलेली एक म्हातारी फोटोजवळ गेली, काचेवरून हनुवटीला हात लावला आणि तोच हात स्वतःच्या कपाळाला टेकवला. “तीच हाय,” ती म्हणाली, “बाभळीवालीच.” म्हणजे ती गोष्ट अख्ख्या गावाला माहीत होती, आम्हालाच नव्हती. जेवणाच्या वेळी लोकांनी विचारलं, फोटो किती छान आलाय, कुणी काढला? मी सांगितलं, मूळ फोटो हरवला होता, थेट उपग्रहावरून उतरवून घेतला. दोघांनी विश्वास ठेवला. ताई लांबून बघत होती.

दुपारी पाहुणे पांगले. फ्रेम घरी आणली आणि भिंतीला खिळा मारेपर्यंत फ्रिजवर टेकवून ठेवली. ताई आत भांडी घासत होती. मावशी खाली बसून बशीत चहा ओतून पीत होती आणि फोटोकडे बघत होती. मी समोर बसलो. मला वाटलं आता मला काहीतरी वाटेल. आई समोर होती, गोंदणासकट, हसत. काम झालं होतं. मी वाट बघितली. फ्रिज घुरघुरला.

मावशी उठली. लुगड्याच्या पदराने काच पुसली आणि आईच्या ओठांवर, वरच्या दातांच्या ओळीत, डावीकडे बोट ठेवलं.

“ह्यो दात तिला नव्हता,” ती म्हणाली.

मी जवळ गेलो. आईच्या तोंडात दातांची पांढरी, सरळ, भरगच्च ओळ होती. एकही फट नव्हती. मी सहावीत असताना नळावर रांगेत भांडण झालं, कुणाचा तरी हंडा आईच्या तोंडावर बसला आणि तिथला दात गेला. घरात सगळ्यांना माहीत होतं. तिथूनच तर शीळ यायची. म्हणूनच तर पदर होता. चारकोपच्या गाळ्यात कानात रिंग घालणारी कुणी सुपरवायझर कधी नव्हती. काल मी तासन् तास त्या तोंडाच्या दोन बोटं खाली ठिपके लावत बसलो होतो, ताई शेजारी उभी होती, आणि आम्हा दोघांनाही तो दात खटकला नाही. मशीनने रिकामी जागा बघून दात भरला होता. मावशीचे सगळे दात शाबूत, तिच्याकडून फट उसनी घेता येणार नव्हती. आणि त्या दाताच्या जागी नक्की केवढी फट होती, काळी दिसायची की जीभ दिसायची, हे मला माहीत नव्हतं.

आत नळ चालू होता. ताईला ऐकू जाणार नाही अशा बेताने मी विचारलं, “मावशी, काल तू दुकानात एवढा वेळ बसली होतीस. पडद्यावर आई एवढी मोठी होती. तेव्हा का नाही बोललीस गं?”

मावशीने बशीतला शेवटचा घोट घेतला आणि बशी खाली ठेवली.

“तू गोंदनाचं इचारलं व्हतं,” ती म्हणाली.